ई अक्षराची रायफल

अच्युतकाका गद्रे यांनी आयुष्यात कधी बंदूक चालवली नाही. त्यांच्या घरात एकही बंदूक नव्हती. केकमध्ये अंडं आहे का हे ते विचारून घेत, आणि असलं तर वरचं आयसिंग तेवढं खाऊन बाकीचा केक माझ्या नवऱ्याच्या ताटलीत सरकवत. तरीही आमच्या नॉर्थ कॅरोलिनात आणि आजूबाजूच्या दोन-चार राज्यांत जुन्या रायफली जमवणाऱ्यांमध्ये त्यांना मोठा मान होता. दंडावर गोंदलेली, छातीपर्यंत दाढी आलेली माणसं त्यांना बघून टेबलामागून उठायची आणि म्हणायची, "आर्ची, जरा हे बघून सांगता का?" अच्युतचं आर्ची कधी झालं, ते त्यांनाही आठवत नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिकांच्या हातात ज्या रायफली होत्या, त्यांच्यावर ठोकलेले नंबर हा काकांचा विषय. तो त्यांनी मला पहिल्यांदा समजावला तो आमच्या डायनिंग टेबलवर, शेंगदाणे मांडून. प्रत्येक कारखाना दरवर्षी एकपासून मोजायला सुरुवात करायचा. दहा हजारांपाशी पोचला की पुन्हा एक, पण आता आकड्याखाली एक छोटं अक्षर. आधी ए, मग बी, मग सी. नंबरातले शेवटचे दोन आकडे रायफलीच्या बारीकसारीक भागांवरही असत, अगदी स्क्रूच्या डोक्यावरसुद्धा. युद्ध संपल्यावर या रायफली ढिगांनी सुट्या झाल्या, एकीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सरकवणारा दांडा, दुसरीला लागला. म्हणून जिच्या सगळ्या भागांवर एकच नंबर आहे ती दुर्मीळ, आणि दुर्मीळ आहे म्हणून घरच्या घरी खोटे नंबर ठोकणारेही पुष्कळ. खरा कुठला आणि खोटा कुठला, हे काका भिंगातून बघून सांगायचे. सांगून झालं की त्यांनी मांडलेले शेंगदाणे खाऊन टाकले.

आमची ओळख आमच्या कॅरी गावातल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला झाली. एका शाळेच्या कॅफेटेरियात कार्यक्रम होता. मी तिळाच्या वड्यांचा रिकामा स्टीलचा डबा धुवून पुसत होते. शेजारी उभ्या असलेल्या एका किडकिडीत, उंच गृहस्थांनी "बघू" म्हणून तो माझ्या हातातून घेतला, उलटा केला आणि शर्टाच्या खिशातून बुटाच्या नाडीला बांधलेलं भिंग काढलं. डब्यावर आईचं नाव कोरलेलं होतं, भांड्यांच्या दुकानात कोरून देतात तसं.

"हे नाव आणि हे आडनाव एका माणसाने कोरलेलं नाही," ते म्हणाले. "नाव कोरणारा हात सावकाश चालतो. आडनाववाला घाईत आहे. आणि मध्ये बरीच वर्षं गेली आहेत, कारण नावाच्या कडा घासून गुळगुळीत झाल्यात."

डबा आईला तिच्या आत्याने लग्नाआधी दिलेला. त्यावर नुसतं सुमन होतं. आडनाव आमच्या आजीने नंतर घालून घेतलं, जावांच्या भांड्यांत मिसळू नये म्हणून. मी त्याच संध्याकाळी नागपूरला फोन करून आईला विचारलं तेव्हा तिने हे सगळं सांगितलं. मग म्हणाली, "कोण गं हे गृहस्थ?"

गृहस्थ मूळचे सांगलीचे. विस्कॉन्सिनमध्ये गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात त्यांनी इन्स्पेक्शन खात्यात आयुष्य काढलं. बायको गेली, थंडी सोसेनाशी झाली, म्हणून ते खाली कॅरीला आले. मुलगी ईरा पार पश्चिम किनाऱ्यावर, बेलव्ह्यूला. ती रोज फोन करायची आणि हे फोन स्पीकरवर ठेवून भाजी चिरायचे. रायफलींचा नाद कारखान्यातलाच. तिथल्या एका सहकाऱ्याने वडिलांनी युद्धातून आणलेली रायफल दाखवली आणि विचारलं, नळी आणि दस्ता बांधणाऱ्या या दोन पट्ट्या एकाच नंबरच्या असून एक घडीव आणि एक पत्र्याची का? काकांना उत्तर येईना. त्यांना उत्तर न येणं सहन होत नसे.

त्यांचं एक वाक्य आमच्या घरात रुळलं होतं. गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या प्रदर्शन-विक्रीत, कोणी रायफल पुढे करून सांगू लागला की ही अमक्या लढाईतली, तमक्या सेनापतीच्या रक्षकाची, की काका सगळं शांतपणे ऐकून घेत आणि मग म्हणत, "बरं. आणि नंबर काय म्हणतो?" आम्ही घर घ्यायचं ठरवलं तेव्हा संदीप, माझा नवरा, त्यांना रंगवून सांगत होता, एरिया किती शांत आहे, शेजारी किती छान आहेत, मागे झाडं आहेत. काका म्हणाले, "बरं. आणि नंबर काय म्हणतो?" संदीपने व्याजाचा दर सांगितल्यावर काका म्हणाले, "मग झाडं फारच महाग पडली."

मी त्यांची मदतनीस झाले ती त्यांच्या डोळ्यांमुळे. मोतीबिंदू वाढला होता, हायवेवर गाडी चालवायची भीती वाटायची. मी ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्ट करते, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते. काकांचं म्हणणं, आपण एकाच खात्यातले. शनिवारी मी त्यांना गन शोला ड्राइव्ह करून न्यायची. संदीप पहिल्यांदा म्हणाला, "यार मीनल, गन शो? तू?" मलाही सुरुवातीला तिथे गुदमरायला व्हायचं. पण काकांबरोबर चालताना ते सगळं मागे पडायचं. ते रायफल टेबलावर आडवी ठेवायला सांगत, मी भिंगातून नंबर मोठ्याने वाचत असे, ते लिहून घेत आणि मग स्वतः बघायला वाकत. जमेल तिथे फोटो काढत. परत येताना हायवेवर कुठेतरी थांबून थर्मासमधला चहा आणि त्यांनी केलेली मेथीची पुरी.

एकदा एका विक्रेत्याने त्यांच्यापुढे एक रायफल ठेवली. सगळे नंबर जुळत होते. माणूस हसरा होता, आजूबाजूला गर्दी जमली होती. काकांनी बराच वेळ बघितलं आणि एका चारच्या आकड्यावर नख ठेवलं.

"हा चार त्या कारखान्यात जन्मलेला नाही," ते म्हणाले. "त्यांच्या चाराची आडवी रेघ उभ्या रेघेच्या बाहेर येते. ही येत नाही."

विक्रेत्याचा चेहरा उतरला. ही त्याने विकायला नव्हे, आपल्या मुलासाठी ठेवायला घेतलेली होती. तो म्हणाला, "आर्ची, तुम्ही काही न बोलता पुढे गेला असता तरी चाललं असतं." काका म्हणाले, "तुम्ही विचारलं नसतं तर गेलो असतो." गाडीत बसल्यावर ते हळहळले. पण म्हणाले, "त्याच्या मुलाला कोणीतरी उद्या सांगितलंच असतं. मग त्याने बापाला खोटं मानलं असतं."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं. आता ते सारखं आठवतं.

त्यांच्याविषयी मला खरा आदर वाटला तो वेगळ्याच एका दुपारी. युद्धाच्या शेवटच्या वर्षातली एक रायफल त्यांच्यापुढे होती. धातूवर कानशीचे ओरखडे तसेच, दस्ता ओबडधोबड, नंबर वाकडा ठोकलेला. मी म्हटलं, "काय घाणेरडं काम आहे हो." काकांनी माझा हात धरून त्या ओरखड्यांवरून फिरवला. म्हणाले, "त्या शेवटच्या वर्षात कारखान्यात कैदी होते, मीनल. पकडून आणलेले. त्यांना खायला मिळत नव्हतं. हा हात उपाशी माणसाचा आहे. याला घाणेरडं म्हणू नये." मग त्यांनी ती रायफल हळूच खाली ठेवली. मला वाटलं, या माणसाला लोखंडातून माणसं ऐकू येतात.

ते एक पुस्तक लिहीत होते. डोंगराळ भागातला एक लहान कारखाना आणि त्याचे शेवटचे महिने, एवढाच विषय. पण जमवणाऱ्यांच्या जगात तो वादाचा होता. काकांचं म्हणणं असं, की शेवटच्या वर्षी तो कारखाना डी अक्षरापाशी बंद पडला. त्यापुढची, ई अक्षराची रायफल तिथून बाहेर पडलीच नाही. बाजारात ई अक्षराच्या ज्या दिसतात, त्या युद्धानंतर उरलेल्या सुट्या भागांतून कोणीतरी जोडलेल्या. याला आधार म्हणून त्यांनी शेकडो रायफली तपासल्या होत्या. आपल्या ई अक्षराच्या रायफली खोट्या ठरल्या म्हणून कित्येक जण त्यांच्यावर चिडून होते. काका म्हणायचे, "चिडू देत. दाखवा म्हणावं खरी."

पुस्तक छापायला गेलं त्याच सुमारास आमच्या शेजारच्या डोरोथीने मला कुंपणापाशी गाठलं. डोरोथी आयुष्यभर शाळेची बस चालवून निवृत्त झालेली. आम्ही राहायला आलो तेव्हा पहिला केक तिने आणून दिला होता. ती म्हणाली, "हनी, तुझे ते आर्ची माझ्या डॅडींची रायफल बघतील का?"

डॅडींची गोष्ट तिने मला आधीही सांगितली होती. युद्धाच्या शेवटच्या वसंतात एका धान्याच्या कोठारात त्यांना एक जर्मन शिपाई सापडला. म्हातारा, पन्नाशीच्या पुढचा. त्याने रायफल दोन्ही हातांवर आडवी धरून डॅडींपुढे केली आणि पाणी मागितलं. डॅडींनी पाणी दिलं आणि रायफल घरी आणली. दर थँक्सगिव्हिंगला ते ही गोष्ट सांगायचे. डोरोथीचा भाऊ दर वेळी हसायचा. त्याचं म्हणणं, म्हाताऱ्याने ती दुकानातून घेतली आणि गोष्ट मागाहून चिकटवली. यावरून बापलेकांत अबोला झाला आणि तो तसाच राहिला. डॅडी गेले. भाऊ आता आजारी होता आणि डोरोथीला त्याच्याशी हा विषय एकदाचा मिटवायचा होता.

मी काकांना घेऊन गेले. डोरोथीने स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाड टॉवेल पसरला होता. मी नेहमीसारखा नंबर वाचला. चार आकडे, आणि खाली छोटं ई. काकांचं पेन थांबलं. मला वाटलं, झालं, बिचारी डोरोथी. काकांच्या हिशेबाने ई म्हणजे खोटी, हे मला पाठ होतं.

 पण काकांनी बोल्ट काढला, प्रत्येक भाग उलटसुलट केला. इतका वेळ त्यांनी कधी घेतला नव्हता. मधेच मी भिंग घेऊन नळीवरचा तपासणीचा शिक्का बघितला. त्यात एक गरुड असतो, तांदळाच्या दाण्याएवढा. मी म्हटलं, "काका, याच्या पंखाला चीर आहे." त्यांनी माझ्या हातातून भिंग काढून घेतलं. त्यांनी पाणी मागितलं. कॅमेरा पिशवीतच राहिला.

मग ते डोरोथीकडे वळून फार मऊ आवाजात म्हणाले, "मॅडम, ही युद्धानंतर जोडलेली आहे. उरलेल्या भागांतून. अशा पुष्कळ विकल्या गेल्या."

डोरोथी खुर्चीत बसली. "म्हणजे ते कोठार वगैरे काही नव्हतं?"

"मी फक्त रायफलीबद्दल सांगू शकतो," काका म्हणाले.

तिने आम्हाला पाउंड केक दिला. काकांनी या वेळी अंड्याचं विचारलं नाही. सगळा खाल्ला.

पुढे काही दिवसांनी डोरोथी मला म्हणाली, "तुझे आर्ची किती भले गृहस्थ आहेत. मला म्हणाले, असली जोडकामाची वस्तू घरात ठेवणं धोक्याचं आहे. स्वतः माझ्याबरोबर आले." गावातल्या एका चर्चच्या पार्किंगमध्ये अधूनमधून लोक नको असलेल्या बंदुका आणून देतात. तिथल्या तिथे करवतीने त्या कापतात आणि एक लोहार त्या लोखंडाची बागकामाची अवजारं करून देतो. डोरोथीला एक छोटं खुरपं मिळालं होतं. ती म्हणाली, "करवत चालू झाली तेव्हा आर्चींनी तोंड फिरवलं. माझ्यासाठी त्यांना इतकं वाईट वाटलं."

मलाही वाटलं, किती हळवा माणूस. संदीपला मी हे कौतुकाने सांगितलं.

पुस्तक आलं. जाड, देखणं, मुखपृष्ठावर गरुडाचा तोच शिक्का मोठा करून. पहिल्या पानावर ज्यांचे आभार मानले होते त्यांत माझं नाव होतं. त्यानंतरच्या एका गन शोमध्ये काकांसाठी वेगळं टेबल मांडलं होतं. लोक पुस्तकावर सही घेत होते, मी शेजारी त्यांची पिशवी धरून उभी होते. तेवढ्यात टायलर नावाचा एक तरुण आला. ओहायोतल्या शाळेत इतिहास शिकवतो म्हणाला. त्याने दोन रायफली आणल्या होत्या, दोन वेगवेगळ्या घरांतून मिळालेल्या, जिथे त्या युद्धापासून कोणाला विकल्या गेल्या नव्हत्या. दोन्ही ई अक्षराच्या.

"सर, मी तुमच्या पुस्तकावरूनच शिकलोय," तो म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय, की डी अक्षराच्या रायफलींवर शिक्क्यातल्या गरुडाच्या पंखाला चीर गेलेली दिसते. ठोकायचा ठसाच तडकला होता. जसजसे नंबर वाढतात तशी चीर वाढत जाते. आता या दोन बघा. तीच चीर, आणखी लांब झालेली. कारखाना चालू होता, सर. ठसा तडकतच गेला."

तडकलेला ठसा कोणाला घरी बसून बनवता येत नाही, एवढं मलाही कळत होतं. मी ती चीर आधी बघितली होती. डोरोथीच्या स्वयंपाकघरात.

काका बराच वेळ भिंगातून बघत राहिले. टायलर नम्रपणे म्हणाला, "दोन रायफलींवर कोणी विश्वास ठेवणार नाही, मला माहीत आहे. तिसरी सापडली तर कोणाला नाही म्हणता येणार नाही. सर, तुमच्या पाहण्यात अशी एखादी आलीय का?"

"नाही," काका म्हणाले.

ते माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांच्या इतकी जवळ उभी होते की त्यांच्या शर्टाला येणारा कापराचा वास मला येत होता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं असं कोणी म्हणेल.  पण मला वाटलं, ते आत्ता म्हणतील, थांबा, एक होती.

परत येताना मी हायवे लागू दिला. मग विचारलं, "काका, डोरोथीची रायफल खरी होती ना?"

ते खिडकीबाहेर बघत होते. "हो."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"तू चीर म्हणालीस त्याच्या आधीच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"पुस्तक प्रेसमध्ये होतं, मीनल."

"एक पान बदलता आलं असतं."

"एक पान नाही गं. सगळं पुस्तक त्या पानावर उभं होतं." मग म्हणाले, "आणि इतक्या लोकांना मी तोंडावर खोटं ठरवलं होतं. ते सगळे खरे निघाले असते."

"आणि डोरोथीचे वडील?"

"त्यांच्याबद्दल मी अवाक्षर काढलं नाही. तू होतीस की. मी फक्त रायफलीबद्दल बोललो."

मी गाडी चालवत राहिले. मला रडू येत नव्हतं, राग येत होता, आणि रागापेक्षा जास्त लाज वाटत होती. डोरोथीच्या दारात त्यांना मी नेलं होतं. माझ्या शब्दावर तिने त्यांना टेबलाशी बसवलं होतं. मी म्हटलं, "ती तुम्ही कापायला लावलीत."

"आणखी कोणी बघितली असती," ते म्हणाले. इतक्या सरळपणे, की मला वाटलं ते आकडाच सांगताहेत.

घरापाशी उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "मी सांगेन तिला. मला जरा वेळ दे. मी स्वतः सांगितलं पाहिजे."

मी वेळ दिला. काही आठवडे गेले. मी फोन केला की ते म्हणत, "हो, हो, जातो." मग त्यांनी फोन उचलणं कमी केलं. गुढीपाडव्याला मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, पुस्तकाचं भलंमोठं चित्र स्टेजच्या मागे. आपल्यातल्या एका माणसाने अमेरिकेत असं काम केलं याचा सगळ्यांना अभिमान होता. अध्यक्षांनी त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं. काका माइकपाशी आले, भिंग खिशात चाचपलं आणि म्हणाले, "मी काही इतिहासकार नाही. मी फक्त बघतो, आणि दिसेल ते सांगतो."

टाळ्या झाल्या. संदीपही टाळ्या वाजवत होता. माझे हात मांडीवरच आहेत हे बघून तो थांबला. "काय झालं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "घरी चल, सांगते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डोरोथीकडे गेले. ती मागच्या अंगणात टोमॅटोची रोपं लावत होती. हातात ते खुरपं. मी तिला सगळं सांगितलं, चीर, टायलर, गाडीतलं बोलणं. ती पायरीवर बसून ऐकत होती. 

"म्हणजे ती डॅडींनी तिथूनच आणली होती," ती शेवटी म्हणाली.

"कोठाराचं मला माहीत नाही, डोरोथी. पण ती जोडलेली नव्हती. ती त्या शेवटच्या वसंतातलीच होती. ते सांगायचे तशीच."

तिने खुरप्याची माती बोटाने पुसली. "माझा भाऊ मागच्या उन्हाळ्यात गेला. तुला माहीत आहे. शेवटी मी त्याच्या उशाशी बसले होते. मी त्याला म्हटलं, बॉबी, तुझं बरोबर होतं. डॅडी खोटं बोलले." तिने खुरपं पायरीवर ठेवलं. "त्याला किती बरं वाटलं होतं. तो म्हणाला, मला माहीत होतं. आणि हसला."

मी तिच्याजवळ बसले.  थोड्या वेळाने ती आत गेली आणि मला हॉलमध्ये खिळा ठोकल्याचा आवाज आला. गणवेशातल्या डॅडींचा फोटो तिने काढून ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

टायलरला मी ईमेल केली. मी जे बघितलं ते लिहिलं. त्याचं लगेच उत्तर आलं. आभार मानून त्याने लिहिलं होतं, की माझ्यावर त्याचा विश्वास आहे, पण रायफलच नसल्यावर तो ती हिशेबात धरू शकत नाही. काकांनीच त्याला हा नियम शिकवला असावा. काकांना मी एक मेसेज केला, डोरोथीला सांगितलंय म्हणून. त्यांनी तो वाचल्याची खूण दिसली. उत्तर आलं नाही.

त्यानंतर मी त्यांच्याकडे गेले नाही. मंडळातल्या बायका विचारायच्या, "काय गं, काकांशी बिनसलं का?" मी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायची. खरं सांगायचं तर मला त्यांची फार आठवण यायची. शनिवारी सकाळी जाग आली की वाटायचं, पुऱ्या झाल्या असतील. एकाच माणसावर चिडायचं आणि त्याचीच आठवण काढायची, हे फार थकवणारं असतं. मी तो आईचा डबा हातात घेतला की त्यावरची अक्षरं मला त्यांच्याच आवाजात ऐकू यायची, आणि मग विचार यायचा, हे तरी त्यांनी खरं सांगितलं होतं ना. आईने सांगितलं होतं म्हणून बरं.

शरद ऋतूत कळलं, की ईरा त्यांना बेलव्ह्यूला घेऊन जाते आहे. घर विकलं. ते निघायच्या आठवड्यात, कचऱ्याच्या गाडीचा दिवस होता, मी पुढच्या अंगणात पानं गोळा करत होते. काकांची जुनी करडी गाडी येऊन डोरोथीच्या मेलबॉक्सपाशी उभी राहिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर ते गावात पुन्हा चालवू लागले होते. ते बराच वेळ आत बसून राहिले. त्यांनी मला बघितलं असणार. हात केला नाही, मीही केला नाही.

डोरोथी घरातल्या स्लिपर्स घालून बाहेर आली आणि गाडीपाशी जाऊन उभी राहिली. काच खाली गेली. ते बोलत होते, ती ऐकत होती. मला शब्द ऐकू येत नव्हते. मग ते उतरले. पहिल्यापेक्षा वाकले होते, पण शर्ट तसाच कडक इस्त्रीचा. डोरोथीचा कचऱ्याचा रिकामा डबा रस्त्याच्या कडेला होता. तो त्यांनी ओढत ड्राइव्हवेवरून वर नेला, गॅरेजच्या भिंतीला नीट सरळ लावून ठेवला, हात झटकले आणि परत गाडीत बसले.

गाडी निघाल्यावर मी डोरोथीकडे गेले.

"काय म्हणाले?"

"रायफलीचं फार वाईट झालं म्हणाले. झोप लागत नाही म्हणाले. तशी पुन्हा मिळणार नाही."

"आणि?"

"मी थांबले होते," डोरोथी म्हणाली. "मला वाटलं, पुढे डॅडींबद्दल काही बोलतील."

आम्ही दोघी तिथेच उभ्या होतो. रस्त्याच्या टोकाला स्टॉप साइनपाशी काकांची गाडी थांबली होती. कुठूनही कोणी येत नव्हतं. तरी काकांनी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे, पुन्हा एकदा डावीकडे, आणि मग सावकाश वळले.